पांढऱ्या कोटाच्या उलट्या बाह्या

फोन आला तेव्हा मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. पेढीच्या जुन्या कपड्यांचा संग्रह सांभाळणाऱ्या बाई बोलत होत्या. आवाज कसा, साखरेत घोळलेला.

“काकू, साहेबांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवतोय आपण. लोक आता ते सगळं नव्या नजरेनं बघताहेत. कपडे जागोजागी उसवलेत हो, आणि त्यांना हात लावणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.”

कुठले साहेब, हे विचारायची गरजच नव्हती. उंची कपड्यांची आमची पेढी सव्वाशे वर्षांची. मालक झाले, मालकांची पोरं झाली, पाच-सहा डिझायनर येऊन गेले. पण शिवणखात्यातल्या बायका बोटं मोडायच्या त्या एकाच्याच नावानं. आम्ही त्याला उलटेसाहेब म्हणायचो. अस्तर बाहेर, शिवणी बाहेर, खिसे पाठीवर! बावीस वर्षांपूर्वी पेढीनं त्याला हाकललं त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले होते.

“येते की,” म्हटलं. बाईंना वाटलं, म्हातारी विरघळली. विरघळते कसली! बावीस वर्षांच्याही आधीपासून मी त्या माणसावर डूख धरून होते, आणि आता तो आपण होऊन माझ्या हातात सापडत होता.

डूख का धरला, ते सांगायचं तर आधी ताई सांगायला हवी.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहाची, ती सतराची. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईनं मला वाढवलं म्हणजे ओरडून वाढवलं. ती पेढीत कोटाच्या टेबलावर लागली, आणि मी सोळाची झाल्यावर मला कानाला धरून तिथंच आणून बसवलं. तोंडात सात-आठ टाचण्या धरून ती बोलायची आणि तरी तिचा शब्द न् शब्द कळायचा, कारण त्यातल्या बहुतेक माझ्यासाठीच्या शिव्या असायच्या. “बावळट, हा टाका आहे की गाढवाचं पाऊल? उसव!” खात्यात मला सगळ्या ‘तिखट’ म्हणायच्या, पण ताईसमोर मी शिंकायचीसुद्धा परवानगी घेऊन.

कौतुक तिनं जन्मात कुणाचं केलं नाही. काम फारच चांगलं उतरलं तर ते हातात घेऊन आतून-बाहेरून बघायची, नाक ओढायची आणि म्हणायची, “चालेल.” त्या एका ‘चालेल’साठी आम्ही अकरा बायका जीव टाकायचो.

लग्नाचंही एकदा जमत आलं होतं. गृहस्थ चांगले होते, बँकेत होते, ताईवर अगदी लट्टू. घरी चहाला आले. तासभर ते आपल्या आयुष्याबद्दल बोलले आणि तासभर ताई त्यांच्या कोटाच्या डाव्या खांद्याकडे बघत राहिली. शेवटी तिला राहवेना. म्हणाली, “हा खांदा कुठल्या मेल्यानं बसवलाय? काढा इकडे.” खांदा तिनं नीट करून दिला. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मी म्हटलं, “ताई, नवरा घालवलास.” तर म्हणते, “कोट तर सुधारला!”

आणि तिचं दुसरं वेड म्हणजे कापडाची कड. उघडी, न दुमडलेली कड तिला बघवायचीच नाही. आमच्या घरात फरशी पुसायच्या फडक्यालासुद्धा चारी बाजूंनी हातानं घातलेली दुमड होती. शेजारणी हसायच्या. हसेनात का!

खात्याची एक पद्धत होती, ती सांगून ठेवते. कोटाला अस्तर लावायच्या आधी आत, डाव्या बगलेखाली, जिथं गिऱ्हाईक कधी बघणार नाही, तिथं शिवणारीनं आपल्या रंगाच्या दोऱ्याची बारीक गाठ मारायची. कोट दुरुस्तीला परत आला की तो त्याच हाताकडे जावा म्हणून. ताईची गाठ पिवळी, माझी निळी. वरच्या मजल्यावरच्या कुणालाच याचा पत्ता नव्हता. ते आमचं आमच्यात होतं.

आणि मग आले उलटेसाहेब. पहिल्याच दिवशी, पेढी ज्यांनी काढली त्या थोरल्या मालकांचा काचेत ठेवलेला कोट त्यानं बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर त्याची कॉलर कापली. कचाकच! एक जुनी बाई तर रडायलाच लागली. मग हुकूम सुटला की आजपासून कडा दुमडायच्या नाहीत, जशा कापल्या तशाच सोडायच्या, दोरे लोंबू द्यायचे. आम्ही नाकं मुरडत केलं. ताईला काही ते जमलं नाही. आठ दिवस तिनं प्रयत्न केला बिचारीनं, आणि नवव्या दिवशी एका राखाडी जाकिटाची कड गुपचूप आत वळवून टाकली.

त्यानं ते जाकीट टेबलावर आपटलं. ताईनं घातलेली दुमड आमच्या सगळ्यांसमोर टराटरा उसवली आणि म्हणाला, “बाई, तुमच्या हातांना फक्त झाकता येतं. दाखवता येत नाही. मेलेले हात आहेत हे.”

एकतीस वर्षं त्या टेबलावर काढलेल्या बाईला हे! आणि दुसऱ्या दिवसापासून तिची बदली तळघरात, बटणांच्या कोठीत. तोंडातल्या टाचण्या तिनं एकेक करून उशीत खोचल्या आणि जिना उतरून गेली. तळघराला खिडकी नव्हती. भिंतींना ओल होती. ताईचा खोकला तिथला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्याच टेबलावर बसून मनाशी पक्कं केलं की याचं उट्टं काढेन तरच ताईची बहीण.

दोन वर्षं वाट बघितली. मग तो पांढरा कोट आला. त्या वर्षीच्या फॅशनच्या कार्यक्रमाचा शेवटचा कपडा, सगळ्या पेपरवाल्यांपुढून जाणारा. जाड लोकर, रुंद खांदे. कच्च्या टाक्यांवर बाह्या लावून साहेबानं तो कार्यक्रमात घालून चालणाऱ्या मुलीच्या अंगावर बघून घेतला, पसंत केला, आणि पक्क्या शिलाईला माझ्याकडे आला. मी कच्चे टाके काढले. डावी बाही उजव्या मुंढ्यात बसवली आणि उजवी डाव्यात. शांतपणे, बारीक टाक्यात, जीव ओतून. कोटाची बाही सरळ नसते, माणसाचा हात जसा पुढे वळतो तशी ती पुढे वळवलेली असते. ती उलटी लावली की कोपर मागे खेचलं जातं. चुकून असं कुणाकडूनच होत नाही, पहिल्या महिन्यातल्या पोरीकडूनसुद्धा. आत निळी गाठ मारली, अस्तर बंद केलं, कोट पिशवीत घातला आणि संध्याकाळी उशिरा बटणांसाठी खाली पाठवून दिला. नोकरी गेली असती तर खुशाल जाऊ दे, अशी तयारी ठेवली होती मी.

दुसऱ्या दिवशी तो कोट चालत आला तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. त्या पोरीचे दोन्ही हात मागे ओढलेले, पोलिसानं धरून आणल्यासारखी चालत होती बिचारी. आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळा हॉल हसला. त्या हसण्यानं माझ्या जिवाला जो थंडावा वाटला, तो मी कुणाला सांगणार? पेपरांनी साहेबाला सोलून काढलं. त्याच्या दोन वर्षांतल्या सगळ्या कपड्यांचा उद्धार झाला. आठवड्याच्या आत गडी बाहेर.

मला मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही, बाह्या कुणी लावल्या म्हणून. मला वाटलं, गोंधळात राहून गेलं असेल.

एकच घास कडू होता. कार्यक्रमाच्या दिवशी मी घरी आले तर ताई दुपारपासून घरात बसलेली. तिची कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान, सगळं डब्यात भरून कपाटावर चढवलेलं. “माझं संपलं तिथलं,” म्हणाली. काढलं का, म्हणून विचारलं, तर मान डोलावली. मी समजले. मरता मरता साप डसून गेला. तेव्हापासून माझा राग दुप्पट झाला.

ताई त्यानंतर चार वर्षं होती. सुई हातात धरली नाही. तिच्या पोलक्याची बटणंसुद्धा मी लावायची. बाह्यांचं मी तिला सांगितलं नाही. दहादा ओठांवर आलं, पण कामाशी बेइमानी केली म्हणून माझं थोबाड फोडील, ही धास्ती. एकदा मी शिवत होते आणि ती पलंगावरून बघत होती. मध्येच म्हणाली, “रागाच्या भरात शिवू नये गं.” मी म्हटलं, “मी कुठं रागात आहे?” “नाही, आपलं सांगून ठेवते,” म्हणाली आणि कुशीवर वळली.

तर अशी ताई. आणि आता तिला मेलेले हात म्हणणाऱ्याचं प्रदर्शन!

मी रोज जाऊ लागले. संग्रहाच्या खोलीत लांब टेबलं, पडदे लावलेले, कपडे कागदात गुंडाळलेले. बाई एकेक उलगडून द्यायच्या आणि मी डागडुजी करायची. मनात ठरलं होतं, उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याचा फुगा फोडायचा. कारण त्या पांढऱ्या कोटावरच सगळं प्रदर्शन उभं होतं. बाईंनी मला भिंतीवरचा मजकूर वाचून दाखवला. ‘बांधलेले हात’ म्हणे. त्या बाह्यांत साहेबांनी बाईच्या जातीची अख्खी घुसमट दाखवली म्हणे, आणि आपण तेव्हा अडाण्यासारखे हसलो म्हणे. ज्या पेपरानं त्याला झोडपलं होतं, त्याच पेपरानं आता दोन पानं भरून आरती ओवाळलेली. माझं हसणं मी खोकल्यावर नेलं.

पण खोटं कशाला बोलू? तीन आठवडे त्याचे कपडे हाताखालून गेले आणि माझी पंचाईत झाली. काम चांगलं होतं. बाहेर काढलेल्या शिवणी अशा सरळ, की बघत राहावं. सरळ असणारच, कारण त्या आम्हीच घातल्या होत्या, आणि बाहेर दिसणार म्हणून तो एक टाका वाकडा खपवून घेत नसे. सव्वाशे वर्षं आमचं काम अस्तराखाली गाडलं जात होतं, ते या माणसानं ओढून उजेडात आणलं होतं. हे माझ्या टाळक्यात इतक्या वर्षांनी शिरलं. शिरलं आणि मला आणखीच राग आला. इतकं कळत होतं, तर ताईचे हात कसे कळले नाहीत मेल्याला?

पांढरा कोट बाईंनी शेवटी दिला. डाव्या बगलेत अस्तर फाटलं होतं. मी ते वीतभर उसवलं आणि आत बघितलं.

माझी निळी गाठ होती. तिच्याशेजारी पिवळी गाठ होती.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पिवळीच. मग बगलेत बोटं घातली. तिथं एक चौकोनी तुकडा होता, पांढऱ्या लोकरीचा, मी न लावलेला. दोन्ही बगलांत होता. टाके इतके बारीक, की बोटाला लागेनात. त्या तुकड्यांनी उलटी बाही सांभाळून धरली होती. ते नसते तर पहिल्या दहा पावलांत मुंढा फाटला असता आणि कोट चिंधीसारखा लोंबला असता. ते होते म्हणून हात मागे गेले तरी खांदा ढळला नाही, पाठ सुरेख पडली. बघणारे आज ज्याला माना डोलवत होते, ते सगळं त्या दोन तुकड्यांवर पेललेलं होतं.

कोट बटणांसाठी खाली गेला होता ना! ताईनं पाहिलं असणार. बाह्या काढून पुन्हा बसवायला अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. म्हणून जे जमलं ते केलं.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? ताईवरच भडकले. “अगं, माझ्या सूडावर पाणी ओतलंस की!” असं मोठ्यानं म्हटलं त्या रिकाम्या खोलीत. चार वर्षं सगळं माहीत असून ही बया माझ्याकडे बघत पडून होती! मग राग उतरला आणि विचार आला, की हे तर फारच छान झालं. आता नुसता फुगा नाही फोडायचा. ज्या हातांना तो मेलेले म्हणाला, त्याच हातांवर याची कीर्ती उभी आहे, हे त्याच्या तोंडावर सांगायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी तो आला. वाळलेला, काठी टेकत. मला ओळखलं नाही. आम्हाला कोण ओळखतो! बाई शेजारी उभ्या होत्या. मी कोट त्याच्यापुढे ठेवला आणि बावीस वर्षं मुरवलेलं वाक्य बोलले.

“या बाह्या मी उलट्या लावल्या होत्या, साहेब. मुद्दाम. तुमची नोकरी गेली ती माझ्यामुळे.”

बाईंच्या हातातली वही खाली पडली.

“तुम्ही?” तो म्हणाला. “मग त्या का म्हणाल्या, मी केलं म्हणून?”

“कोण त्या?”

“तळघरातल्या बाई. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कोट घेऊन स्वतः वर आल्या होत्या. बाह्या उलट्या लागल्यात, म्हणाल्या, माझ्या हातून. मी म्हटलं, तुम्ही तर बटणं लावता. तर म्हणाल्या, हात शिवशिवत होते, मागून घेतलं काम. मी म्हटलं, हा तुमचा सूड आहे. म्हणाल्या, तसं समजा.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय? काढून टाकलं मी त्यांना. तिथल्या तिथं.” त्यानं हे अगदी सरळ सांगितलं, लाज नाही की खेद नाही. “जाताना दोनच गोष्टी बोलल्या. शिवणखात्यात कुणाला काही विचारू नका, ही एक. आणि बगलेत तुकडे घातलेत, कोट कार्यक्रमातून काढू नका, चालेल. मी पोरीच्या अंगावर बघितला. चूक होती, पण मला काढवेना. खरंच चालण्यासारखा होता.”

ताई त्याला ‘चालेल’ म्हणाली होती. माझ्या कामाला!

“पेपरवाले मला फाडून खात होते,” तो पुढे म्हणाला, “तेव्हा एका म्हातारीचं नाव घेऊन सुटलो असतो. नाही घेतलं. त्या बाह्यांच्या शिव्या मी खाल्ल्या, म्हणून आता कौतुकही मीच घेतोय. चूक असेल तर सांगा.”

मी मनातल्या मनात दिवस जुळवत होते. ताईला त्यानं जाता जाता काढलं नव्हतं. ताई गेली ती माझ्यासाठी. एकतीस वर्षं टेबलावर आणि दोन तळघरात काढलेली माझी बहीण, कामात कधी एक टाका चुकली नाही, ती ‘कोट बिघडवणारी’ असा शिक्का घेऊन त्या दारातून बाहेर पडली. तो शिक्का माझा होता. आणि बावीस वर्षं मी शिव्या घातल्या दुसऱ्याला.

“कुठं असतात त्या?” त्यानं विचारलं.

“गेल्या,” मी म्हटलं. “अठरा वर्षं झाली.”

बाईंनी वही उचलली आणि हळूच विचारलं, “काकू, मग पाटीवर काय लिहू?”

“बगलेतल्या तुकड्यांपुढे माझ्या ताईचं नाव लिहा. पूर्ण नाव, नीट, मोठ्या अक्षरात. बाह्यांचं मी उद्या तोंडानं सांगेन.”

अस्तर मी बंद केलं नाही. तो म्हणाला, उघडंच राहू द्या, गाठी दिसू देत. पण उघडी कड ताईला खपली नसती, म्हणून उसवलेल्या भागाच्या चारी बाजूंनी दुमड घालून घेतली. त्या चौकटीतून दोन्ही गाठी दिसत होत्या. त्याला तीन तास लागले. तेवढा वेळ तो खुर्चीवर बसून बघत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. भाषणं झाली. मग बाईंनी मला पुढे बोलावलं आणि मी कोटाशेजारी उभी राहून सांगितलं. सूड म्हणून कपडा बिघडवला, म्हटलं. माझ्या बहिणीनं तो सावरला आणि माझा दोष आपल्यावर घेतला, त्यापायी तिचं काम गेलं. ती मेली तोवर मला कळलंसुद्धा नाही. एवढं बोलले आणि मान खाली घालून थांबले. वाटलं, आता कुणीतरी थुंकेल तोंडावर. बरं होईल.

तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून! एका बाईनं डोळे पुसले. पेपरवाला पुढे येऊन म्हणाला, “काय धाडस! म्हणजे या बाह्यांचा खरा अर्थ तर आणखीच खोल निघाला.” कुणी माझा हात हातात घेतला, कुणी फोटो काढला. मी बघत राहिले. बाई गं, मी चोरी कबूल केली आणि ही माणसं मला हार घालायला निघाली!

टाळ्या न वाजवणारा सगळ्या हॉलमध्ये एकच जण होता. उलटेसाहेब. काठीवर दोन्ही हात ठेवून तो कोटापाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता, जसं माझ्याकडे बघायला हवं होतं तसं. त्या माणसाबद्दल आयुष्यात मला काही बरं वाटलं असेल, तर ते तेवढंच.